शेजारी सापडेना: सोर्समधून पायथन बांधण्याची तीन दशकं

दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललेलं असतं. टर्मिनलवर ‘जीसीसी’ने सुरू होणाऱ्या लांबच लांब ओळी भराभर वर सरकत असतात, सीपीयूचा पंखा घोंघावत असतो. आणि अगदी शेवटी, इन्स्टॉलच्या टप्प्यावर, गाडी अडते: ‘नो मॉड्यूल नेम्ड _सीटाइप्स’. त्याखाली मेकचे तीन तारे आणि ‘एरर १’. २७ जून २०१८ला पायथनची ३.७ ही आवृत्ती आली. त्यानंतर उबुंटू किंवा डेबियनच्या कोऱ्या डेस्कटॉपवर ती सोर्समधून बांधायला बसलेल्या कितीतरी जणांची गाठ याच ओळीशी पडली. सीटाइप्स हा तर पायथनचाच भाग. त्याचा सी भाषेतला सगळा सोर्स टारबॉलमध्ये समोर दिसत होता. मग नव्हतं काय?

नव्हती ती लिबएफएफआय. सी लायब्ररीतलं एखादं फंक्शन पायथनमधून थेट बोलवायचं, तर मध्ये दुभाषा लागतो, आणि ते काम ही छोटी लायब्ररी करते. ३.६पर्यंत तिची पूर्ण प्रत पायथनच्या टारबॉलमध्येच यायची. ३.७पासून मॅक सोडून बाकीच्या युनिक्स घराण्यासाठी ती प्रत काढून टाकली आणि मशीनवर असलेलीच वापरायची असं ठरलं. निर्णय रास्त होता. दुसऱ्याची लायब्ररी आपल्या पोटात ठेवली, की तिच्यातले सुरक्षेचे दोषही आपल्यालाच निस्तरावे लागतात. पण या निर्णयाने शोधाशोधीचं काम वापरणाऱ्याकडे गेलं.

आणि इथेच माणसाची संध्याकाळ वाया जाते. एरर वाचून तो मशीन तपासतो, तर लिबएफएफआय तिथे असतेच! उबुंटू, डेबियन, फेडोरा यांनी प्रत्येक लायब्ररीची दोन पॅकेजं केलेली आहेत. एकात चालणाऱ्या प्रोग्रामला लागणारी ‘डॉट एसओ’ फाइल असते. दुसऱ्यात कंपायलरला लागणाऱ्या हेडर फाइली असतात. त्याच्या नावाच्या शेवटी डेबियनकडे ‘डेव्ह’ आणि फेडोराकडे ‘डेव्हेल’ लागतं. रोजच्या वापराला पहिलं पुरतं, म्हणून इन्स्टॉलर दुसरं टाकत नाही. सोर्समधून बांधणाऱ्याला मात्र दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही. ‘लिबएफएफआय-डेव्ह’ टाकायचं, मशीन तपासणारी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, मग मेक. कॉन्फिगर वगळून नुसतं मेक केलं, तर जुन्या तपासणीचे जुनेच निष्कर्ष वापरले जाण्याचा धोका असतो. म्हणून अनुभवी लोक आधी ‘मेक डिस्टक्लीन’ करून घेतात.

पायथनच्या बांधणीचा तीसेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर अडचणी बहुतेक वेळा याच जातीच्या दिसतात. भाषेचा गाभा सहसा त्रास देत नाही. तो साध्या सी भाषेत आहे आणि एक चांगला सी कंपायलर मिळाला की उभा राहतो. अडतं ते झेडलिब, ओपनएसएसएल, रीडलाइन, टीके या बाहेरच्या लायब्ररींपाशी, म्हणजे शेजाऱ्यांपाशी. ते कुठे राहतात हे कुणी शोधायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र वेळोवेळी बदलत गेलं.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं: ज्याला हवं, त्याने. गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१मध्ये यूजनेटच्या ‘ऑल्ट डॉट सोर्सेस’ गटावर ०.९.० ही आवृत्ती आली, ती २१ तुकड्यांत. तयार बायनरी नव्हतीच. तुकडे गोळा करा, जोडा, उलगडा आणि आपल्या युनिक्सवर कंपाइल करा. त्या काळी पायथन वापरणं याचा अर्थच पायथन बांधणं असा होता.

नव्वदच्या दशकात बांधणीचा सगळा जीव ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमधल्या ‘सेटअप’ नावाच्या एका टेक्स्ट फाइलीत होता. प्रत्येक मॉड्यूलची एक ओळ, आणि मशीनवर असेलच याची खात्री नसलेल्या मॉड्यूलच्या ओळीपुढे ‘#’ हे चिन्ह. ते खोडलं की मॉड्यूल चालू. खिडक्या-बटणांसाठी लागणाऱ्या टीकेइंटरची नोंद तर आठ-दहा ओळींत पसरलेली होती. वर सूचना, की ही ओळ नेहमीच खुली करा आणि नावाआधीची अधोरेषा काढू नका. खाली टीसीएल-टीकेच्या हेडर कुठे आहेत, लायब्ररी कुठे आहेत, एक्स विंडोज कुठे आहे, असे एकेक पर्याय. आपल्या मशीनला लागू पडेल तो खुला करायचा आणि पाथ दुरुस्त करायचा. एखाद्या ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश चुकला, तर पुढची ओळ सुटी पडून वेगळाच एरर यायचा. काम कष्टाचं होतं, पण ते करणाऱ्याला आपल्या मशीनमध्ये कुठे काय आहे हे नेमकं ठाऊक असायचं.

एप्रिल २००१मध्ये २.१ आली आणि हे काम खुद्द पायथनने अंगावर घेतलं. ए. एम. कुचलिंग यांच्या प्रस्तावानुसार बांधणीत ‘सेटअप डॉट पीवाय’ आली. मेक आधी गाभा उभा करायचा, आणि मग नुकता जन्मलेला इंटरप्रिटर हीच फाइल चालवून ठरलेल्या फोल्डरांमधून हेडर आणि लायब्ररी शोधत फिरायचा. सापडेल ते मॉड्यूल बांधायचा, न सापडेल ते सोडून पुढे जायचा. भाषा स्वतःच्या बळावर स्वतःची उरलेली बांधणी करते, ही रचना फार सुंदर होती.

‘सोडून पुढे’ ही मात्र तिची दुखरी बाजू. झेडलिबची हेडर नसली तरी मेक यशस्वी व्हायचा आणि इन्स्टॉलही व्हायचं. महिन्याभराने कुणीतरी झिप फाइल उघडायला जायचं आणि तेव्हा कळायचं, की हे पायथन झेडलिबविनाच बांधलं गेलं आहे. पुढच्या आवृत्त्यांनी न सापडलेल्या मॉड्यूलांची यादी छापायला सुरुवात केली. पण ती शेकडो ओळींच्या धबधब्यात यायची, आणि खाली एरर नाही म्हटल्यावर वर जाऊन ती वाचणारे थोडेच.

शोधाची ठरलेली ठिकाणंच बदलली तर? एप्रिल २०११मध्ये उबुंटू ११.०४ने नेमकं तेच केलं. ३२ आणि ६४ बिटच्या लायब्ररी एकाच मशीनवर सुखाने नांदाव्यात म्हणून त्या ‘लिब’मधून उठून ‘लिब’च्या आतल्या ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ अशा नावाच्या फोल्डरात गेल्या. कंपायलरला नवा पत्ता माहीत होता, सेटअप डॉट पीवायला नव्हता. कालपर्यंत बिनतक्रार बांधली जाणारी २.६ अचानक झेडलिबला मुकली. डेव्ह पॅकेज टाकलेलं, फाइल डोळ्यांसमोर, तरी ‘सापडत नाही’. ज्यांना कारण उमगलं त्यांनी ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये नवा पाथ लिहून वेळ निभावली. पायथनच्या नंतरच्या आवृत्त्या सरळ डेबियनच्याच ‘डीपीकेजी-आर्किटेक्चर’ या आज्ञेला पत्ता विचारू लागल्या.

न सापडेल ते गुपचूप सोडून पुढे जाण्याच्या दुखण्याला मार्च २०१४मधल्या ३.४ने वाचा फोडली, तीही वेगळंच काम करताना. या आवृत्तीपासून इन्स्टॉलच्या वेळीच, पॅकेजं उतरवून देणारा पिप बसवला जाऊ लागला. पिप येतो दाबून बांधलेल्या फाइलीत आणि ती उघडायला झेडलिब लागते. जी उणीव पूर्वी महिन्याने उघडी पडायची, ती आता ‘झेडलिब नॉट अव्हेलेबल’ म्हणून तिथल्या तिथे दिसू लागली. २०१८मधली सीटाइप्सची ओळसुद्धा याच पिपच्या पायरीवर उमटायची. लोक वैतागले, पण बांधणी अर्धवट राहिली आहे हे त्याच दिवशी कळणं केव्हाही चांगलं.

प्रत्येक एरर शेजाऱ्यांचाच असतो असं नाही. नव्वदच्या दशकातल्या लिनक्स मंडळींना जीसीसीचा ‘सिग्नल ११’ चांगला ठाऊक होता. कंपायलर मध्येच कोसळायचा. पुन्हा मेक केलं की वेगळ्याच फाइलीवर कोसळायचा. जागा बदलते म्हणजे दोष सोर्सचा नाही. बहुतेक वेळा रॅमची एखादी पट्टी खराब निघायची किंवा प्रोसेसर तापलेला असायचा. मोठं कंपाइल रॅमच्या कानाकोपऱ्यापर्यंत जातं, त्यामुळे रोजच्या वापरात लपलेला दोष तिथे उघडा पडतो. आज त्याच जागी बहुधा ‘किल्ड’ हा एकच शब्द दिसतो: मेकला एकाच वेळी खूप फाइली घ्यायला सांगितल्या, मेमरी संपली आणि कर्नलने कंपायलरलाच मारलं. अशा वेळी एकेक फाइल घेत मेक चालवणं हाच मार्ग. त्याचा दुसरा फायदा असा, की ओळी एकमेकींत मिसळत नाहीत आणि पहिला खरा एरर सापडतो. खालचा ‘एरर १’ नुसता निरोप असतो. कारण वर कुठेतरी असतं.

पायथनला तयार कंपायलर पुरतो. जीसीसी बांधणं त्याहून अवघड, कारण तिथे कंपायलर स्वतःलाच बांधतो. पहिल्या टप्प्यात जुन्या कंपायलरने नवा, दुसऱ्यात त्या नव्याने पुन्हा नवा, तिसऱ्यात आणखी एकदा; मग दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या फाइली ताडून पाहायच्या. जुळल्या नाहीत तर बांधणी रद्द. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांत हे कॉन्फिगर आणि बांधणीचं प्रकरण अभ्यासाचा स्वतंत्र विषय म्हणून शिकवलं जायचं. याला तेवढा मान द्यायलाच हवा. पॅकेज मॅनेजरच्या मागे रोज घडणारं सगळं काम हेच तर आहे.

शेजाऱ्यांत सगळ्यात हट्टी ओपनएसएसएल. ३.७ला तिची किमान १.०.२ लागत होती आणि उबुंटू १४.०४वर १.०.१ होती. पायथन बांधलं जायचं, एसएसएल मॉड्यूल नसायचं, आणि त्यामुळे पिपला इंटरनेटचं दारच बंद. ऑक्टोबर २०२१मध्ये ३.१०ने किमान १.१.१ मागितली, तेव्हा १.०.२वर थांबलेल्या सेंटओएस ७वाल्यांची हीच गत झाली. उपाय दोन पायऱ्यांचा. ओपनएसएसएल वेगळ्या फोल्डरात बांधायची आणि ‘विथ-ओपनएसएसएल’ या पर्यायाने कॉन्फिगरला तो फोल्डर दाखवायचा. एवढ्याने कंपाइल होतं, पण चालवताना लायब्ररी पुन्हा हरवते. कारण कंपाइलच्या वेळचा पत्ता आणि चालण्याच्या वेळचा पत्ता या दोन गोष्टी आहेत. तो दुसरा पत्ता बायनरीत कोरून ठेवणारा ‘विथ-ओपनएसएसएल-आरपाथ’ हा पर्याय ३.१०मध्येच आला.

बांधणी जमली तरी शेवटची पायरी जपून टाकावी लागते. सेंटओएस ७पर्यंतचं यम हे पॅकेज मॅनेजर पायथन २वर चालायचं. नव्या पायथनच्या उत्साहात कुणी सिस्टिमच्या ‘पायथन’ नावाची लिंक बदलली, की यम तिथल्या तिथे बंद पडायचं. नंतर दुरुस्तीचं पॅकेज टाकायलाही यमच लागणार! म्हणून ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’. ते ‘पायथन३.७’ असं पूर्ण नाव देऊन प्रोग्राम ठेवतं आणि ‘पायथन३’ या नावाला हात लावत नाही.

आता बहुतेक जण या वाटेला जात नाहीत. पायएन्व्ह या साधनाने बांधणी एका आज्ञेवर आणली. पण आतून ती सोर्समधलीच, त्यामुळे हेडर नसतील तर तिथेही तेच एरर. २०२४मध्ये आलेलं यूव्ही तयार बांधलेलं पायथनच उतरवून देतं. तरी ३.१३मधला प्रायोगिक जिट कंपायलर स्वतः बांधून पाहायचा असेल, किंवा पायथनच्याच सोर्समध्ये सुधारणा करायची असेल, तर मेकशिवाय पर्याय नाही.

आणि तिथला अनुभव खरोखर बदलला आहे. मॉड्यूलांची तपासणी ३.११पासून कॉन्फिगरकडे सरकू लागली आणि ऑक्टोबर २०२३मधल्या ३.१२मध्ये सेटअप डॉट पीवाय बांधणीतून गेली. सीची एकही फाइल कंपाइल होण्याआधी प्रत्येक मॉड्यूलचं नाव आणि त्यापुढे ‘येस’ किंवा ‘मिसिंग’ असा शब्द पडद्यावर येतो. ‘_सीटाइप्स’पुढे ‘मिसिंग’ दिसलं, तर तिथेच कंट्रोल-सी दाबायचं, लिबएफएफआय-डेव्ह टाकायचं आणि कॉन्फिगर पुन्हा सुरू करायचं.