बीपी असणाऱ्यांसाठी भाज्यांचे लोणचे: घरी करताना काय लक्षात ठेवाल?

हिवाळ्यात नागपूरच्या बाजारात गाजर, मुळा, फुलकोबी आणि ओली हळद भरपूर येते. याच दिवसांत अनेक रुग्ण विचारतात, "डॉक्टर, बाहेरचे लोणचे बंद केले. घरचे चालेल ना?" चालेल, पण ते घरचे आहे एवढ्यावर नाही. त्यात मीठ किती आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

लोणच्यात इतके मीठ का असते?

मीठ भाजीतले पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंना वाढायला वाव राहत नाही. मिठावर टिकवलेल्या लोणच्याच्या पाण्यात किमान १२ टक्के मीठ हवे, असा आपल्याकडील अन्नसुरक्षा नियम आहे. असे एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम लोणचे खाल्ले, तर जवळजवळ १.८ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एका चमच्यात एक तृतीयांशाहून जास्त वाटा संपला! आजीच्या पद्धतीने वर्षभरासाठी भरलेल्या बरणीतही मीठ असेच भरपूर असते. सैंधव मीठ वापरले तरी सोडियम फारसे कमी होत नाही.

विकतच्या बाटलीवर १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम आहे, ते वाचा. त्या आकड्याला २.५ ने गुणले की मीठ कळते. ४००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १० ग्रॅम मीठ.

घरी करण्याचा खरा फायदा

थोडेच करून फ्रीजमध्ये ठेवायचे असेल, तर टिकवण्यासाठी इतके मीठ लागत नाही.

- गाजर, मुळा, फुलकोबी मिळून अर्धा किलो घ्या. स्वच्छ धुऊन बारीक चिरा.
- उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून काढा आणि स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडे करा.
- दोन सपाट लहान चमचे (सुमारे १० ग्रॅम) मीठ, मोहरीची डाळ, हळद, तिखट आणि अर्धी वाटी लिंबाचा रस घाला.
- हिंगाची फोडणी पूर्ण थंड करून ओता.
- कोरड्या काचेच्या बरणीत भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभरात संपवा.

याच्या एका मोठ्या चमच्यात मीठ साधारण पाव ग्रॅम येते.

मीठ कमी केले, तर काळजी जास्त

हे लोणचे ओट्यावर ठेवू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. वर तेलाचा थर आहे म्हणून ते सुरक्षित होत नाही. मातीतून भाजीवर येणारे काही जिवाणू हवेशिवायच वाढतात आणि 'बोट्युलिझम' ही दुर्मिळ पण जीवघेणी विषबाधा करू शकतात. आंबटपणा त्यांना रोखतो आणि थंडावा त्यांची वाढ मंदावतो. म्हणून लिंबाचा रस कमी करू नका. लसूण नुसत्या तेलात घालून बाहेर ठेवू नका.

बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेले खाऊ नका. झाकण फुगले किंवा वास बदलला, तर चव न घेता सगळे टाकून द्या. हे विष वासावरून नेहमी कळत नाही, म्हणून आठवड्याची मुदत पाळा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

किडनीचा आजार किंवा हार्ट फेल्युअर असेल, पायांवर सूज येत असेल, तर कमी मिठाचे लोणचेही विचारूनच खा. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असते. किडनीच्या रुग्णांनी आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते स्वतःहून सुरू करू नये. रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

लोणचे खाल्ल्यानंतर दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. उरलेले लोणचे टाकू नका, सोबत न्या.