आद्य ख्रिस्ती ग्रंथकार आणि आपला पंथ

ज्याला पवित्र शास्त्राच्या अभ्यासाबरोबर मंडळीच्या इतिहासाची गोडी लागते, तो लवकरच दुसऱ्या व तिसऱ्या शतकांतील ग्रंथकारांकडे वळतो. हे ग्रंथ आतां इंग्रजींतून सहज मिळतात, व वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी ते वाचूंहि लागले आहेत. त्याबरोबर घरांत एक धास्ती उत्पन्न होते: मुलगा इग्नेशियस वाचून उद्यां आपली मंडळी सोडून तर जाणार नाहीं ना? ही धास्ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. असें पंथांतर घडलेलें आहे. परंतु तें कां घडतें, आणि तेच ग्रंथ वाचणाऱ्या दुसऱ्याच्या बाबतींत कां घडत नाहीं, याचा नीट विचार क्वचितच होतो.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉन हेन्री न्यूमन यांचें. ऑक्सफर्ड येथील या अँग्लिकन पाळकानें १८२८ च्या दीर्घ सुटींत धर्मपित्यांचे ग्रंथ इग्नेशियस व जस्टिन यांपासून आरंभ करून कालानुक्रमानें वाचावयास घेतले. पंथ बदलावा हा हेतु त्यांच्या स्वप्नींहि नव्हता. उलट, इंग्लंडची मंडळी हीच प्राचीन मंडळीची खरी वारस आहे, हें त्यांस दाखवावयाचें होतें. १८३९ च्या उन्हाळ्यांत ख्रिस्ताच्या स्वभावांविषयीं पांचव्या शतकांत झालेल्या वादाचा इतिहास ते अभ्यासीत होते. तेव्हां त्यांस अकस्मात् असें वाटलें कीं, त्या वादांत आपल्या मंडळीची जागा पाखंडी ठरलेल्या पक्षाकडेच पडते. त्याच वर्षीं आफ्रिकेंतील डोनाटिस्ट फुटीविषयीं वाइजमन यांनीं लिहिलेला लेख त्यांच्या हातीं आला. एकट्या पडलेल्या प्रांतिक मंडळीनें साऱ्या जगांतील मंडळीविरुद्ध आपणच खरे म्हणूं नये, या आशयाचें ऑगस्टीनचें वाक्य त्यांत होतें. तें त्यांच्या मनांत खोल रुतलें. पुढें सहा वर्षें अंतःकरणाशीं झगडून ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं ते रोमन कॅथॉलिक मंडळींत गेले. त्या मंडळीनें २०१९ सालीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें.

येथवर ऐकून पुष्कळ जण निर्णय देऊन मोकळे होतात. परंतु त्याच वेळीं त्याच ऑक्सफर्डांत एडवर्ड प्यूसी व जॉन कीबल हेहि होते. १८३८ पासून धर्मपित्यांच्या ग्रंथांचीं इंग्रजी भाषांतरें छापणाऱ्या मालेचे हे तिघेहि संपादक. पहिल्या खंडांतील ऑगस्टीनच्या आत्मकथनाची आवृत्ति प्यूसी यांनींच सिद्ध केली. धर्मपित्यांविषयीं या दोघांचा आदर न्यूमनपेक्षां कमी होता असें कोण म्हणेल? तरी कीबल १८६६ सालीं व प्यूसी १८८२ सालीं वारले, ते इंग्लंडच्या मंडळींतच. या फाटाफुटीची किंमत मात्र तिघांनींहि मोजली. सुमारें वीस वर्षांनीं, सप्टेंबर १८६५ मध्यें, न्यूमन कीबल यांच्या दारीं गेले, तेव्हां दोघे जुने स्नेही एकमेकांस ओळखूंहि शकले नाहींत. त्या दिवशीं प्यूसीहि तेथें आलेले होते. तिघे एकत्र जेवले, आणि कीबल यांची ती भेट शेवटचीच ठरली.

आतां खुद्द त्या ग्रंथकारांस विचारावें, तर ते कोणत्याच आधुनिक पंथाच्या हजेरीपटांत बसत नाहींत. इ. स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस बंदिवान होऊन रोमकडे नेला जात असतां त्यानें सात पत्रें लिहिलीं. बिशपावांचून मंडळींत कांहींहि करूं नये असें तो वारंवार बजावतो, व प्रभुभोजनांतील भाकरीस तारणाऱ्याचा देह म्हणतो. जेथें वडीलमंडळच कारभार पाहतें अशा मंडळींत वाढलेल्या तरुणास हें वाचून धक्का बसतो, तो स्वाभाविक आहे. पण त्याच इग्नेशियसनें रोमकरांस जें पत्र धाडलें, त्यांत रोमच्या बिशपाचा उल्लेखहि नाहीं! टर्टुलियन लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा म्हणतो, तें बॅप्टिस्ट वाचकास गोड लागतें; परंतु मृतांसाठीं अर्पणें करण्याची चाल तोच निःशंकपणें सांगतो. कार्थेजचा सिप्रियन तर दोन्ही पक्षांचा साक्षीदार आहे. इ. स. २५१ मध्यें त्यानें मंडळीच्या ऐक्यावर पेत्राच्या आसनाचा गौरव करणारा निबंध लिहिला, आणि पांच वर्षें लोटतात न लोटतात तोंच पाखंड्यांच्या बाप्तिस्म्यावरून रोमचा बिशप स्तेफन याच्याशीं तो कडाडून भांडला. पहिल्या सिप्रियनचा आधार एक पक्ष घेतो, दुसऱ्याचा दुसरा. माणूस मात्र एकच.

आमच्या मतें फरक पडतो तो वाचक कोणता प्रश्न घेऊन बसतो त्यामुळें. न्यूमन विचारीत होते: आज असलेल्या मंडळ्यांपैकीं कोणती त्या जुन्या मंडळीसारखी दिसते? असा प्रश्न घेऊन बसणारास कोठेंतरी जावेंच लागतें. आणि तरीहि केवळ धर्मपित्यांनीं त्यांस रोमच्या दारापर्यंत नेलें नाहीं, कारण रोमची शिकवण जशीच्या तशी त्या ग्रंथांत सांपडत नाहीं, हें त्यांसहि ठाऊक होतें. म्हणून बीजापासून वृक्ष व्हावा तसा सिद्धांताचा विकास होतो, हें मत त्यांस १८४५ च्या ग्रंथांत मांडावें लागलें. उरलेलें अंतर तोडलें तें या मतानें.

जोसेफ लाइटफुट यांचा प्रश्न निराळा होता: हा लेख अस्सल आहे काय, व तो नेमकें काय म्हणतो? फिलिप्पैकरांस पत्रावरील १८६८ च्या टीकेंत त्यांनीं दाखविलें कीं, बिशपाचें पद वडिलांच्या पदांतून क्रमानें वर आलें. पुढें ते स्वतःच डरहॅमचे बिशप झाले, व १८८५ सालीं इग्नेशियसचीं सातहि पत्रें अस्सल असल्याचें त्यांनीं सिद्ध केलें. आपल्या मंडळीस त्या शोधाचा फायदा होतो कीं तोटा, याची चिंता त्यांच्या लेखनांत आढळत नाहीं.

लाइटफुटप्रमाणें वाचणाराची मंडळी सहसा सुटत नाहीं. मात्र त्याचा एक समज नक्कीच सुटतो: आमचीच उपासना, आमचाच कारभार प्रेषितांच्या काळापासून तंतोतंत चालत आलेला आहे, हा. तो गेल्यावरहि आपल्या मंडळीवर प्रेम करतां येतें. पुष्कळांस पूर्वीपेक्षां अधिक मोकळेपणानें करतां येतें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्या वेळीं ज्यांच्यांत बिशप नव्हते त्यांनीं बिशप स्वीकारले, आणि बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही चालींस एकाच घरांत जागा मिळाली. हा समज घट्ट धरून बसलेल्यांकडून तें झालें नसतें.

ज्या विद्यार्थ्यास आरंभ करावयाचा असेल, त्यानें निवडक उतारे वाचूं नयेत; ते कोणीतरी कशासाठीं तरी निवडलेले असतात. प्रथम बारा प्रेषितांची शिकवण हें लहानसें पुस्तक घ्यावें. १८७३ सालीं कॉन्स्टंटिनोपल येथें हस्तलिखितांत सांपडलेलें व १८८३ सालीं छापलेलें हें पुस्तक एका संध्याकाळीं वाचून होतें. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यांत द्यावा, तें नसल्यास दुसऱ्या पाण्यांत, थंड नसल्यास ऊन पाण्यांत, आणि दोन्ही पुरेसें नसल्यास मस्तकावर तीन वेळां पाणी ओतावें, असें त्यांत सांगितलें आहे. आणि जो फिरता उपदेशक तीन दिवस राहतो, किंवा निघतांना पैसे मागतो, तो खोटा समजावा, असेंहि सांगितलें आहे.