गटार तुंबलं तर काय करायचं, काय नाही

सकाळची घाई असते. वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश करतं आणि तळमजल्याच्या न्हाणीत, जाळीतून बुडबुड करत काळं पाणी वर येतं. आंघोळी खोळंबतात, धुणं तसंच राहतं, आणि घरातली बाई खराटा घेऊन पाणी लोटत बसते. आपल्यापैकी पुष्कळजणींनी हे अनुभवलं असेल. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत घराच्या मुख्य ड्रेनेज लाइनबद्दल.

आधी हे ओळखायचं, की तुंबलंय कुठे. फक्त स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी उतरत नसेल, तर अडथळा त्या सिंकच्याच पाइपात आहे. पण सिंक, न्हाणी, संडास सगळंच एकदम मंद झालं, किंवा वॉशिंग मशीनचं पाणी सोडल्यावर न्हाणीत पाणी वर आलं, तर मुख्य लाइन अडली आहे असं समजा. सांडपाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं, म्हणून पहिला त्रास तळमजल्याला होतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे नळ बंद करणं. वरच्या बिऱ्हाडांनाही सांगा, की थोडा वेळ पाणी सोडू नका. इथे लाज धरू नका.

मग अंगणातली चेंबर बघायची. झाकण जड असतं, ते दोघांनी लोखंडी पहारीने उचलावं. उचलताना तोंड बाजूला ठेवावं, मुलांना लांब ठेवावं, जवळपास विडी-सिगारेट, काडी काही पेटवू नये. आत मिथेन असू शकतो, तो पेट घेतो. आत वाकून बघायचं नाही, उभ्यानेच बघायचं. एक चेंबर भरलेलं आणि पुढचं कोरडं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधे आहे. सगळीच चेंबर भरलेली असतील, अगदी रस्त्याकडचं शेवटचंसुद्धा, तर अडथळा बहुधा बाहेरच्या सार्वजनिक लाइनमध्ये आहे. तिथे आपण प्लंबरला पैसे देऊन उपयोग नाही. नगरपालिकेत किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार द्यायची आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा.

अडथळा आपल्याच हद्दीत असेल तर प्लंबर बांबूच्या लांब कामट्या किंवा लोखंडी स्प्रिंग घालून तो मोकळा करतो. हे काम जमिनीवर उभं राहून होतं. गाळ घट्ट बसला असेल तर जेटिंगची गाडी बोलवावी लागते, ती जोराच्या पाण्याने लाइन धुते. पुढच्या चेंबरच्या तोंडाशी जाळी धरायला सांगा, म्हणजे सुटलेला कचरा तिथेच काढता येतो. नाहीतर तोच पुढे जाऊन पुन्हा अडतो.

दुकानातून अ‍ॅसिड आणून ओतायचा मोह होतो. मुख्य लाइन तुंबली असेल तर ते अडथळ्यापर्यंत नीट पोचतच नाही, साठलेल्या पाण्यात मिसळून राहतं. नंतर कामट्या घालणाऱ्याच्या अंगावर तेच पाणी उडतं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कामट्यांनी जमलं नाही, की कुणीतरी म्हणतं, "एक माणूस आहे, थोडे पैसे दिले की आत उतरतो." मैत्रिणींनो, इथे आपण ठाम नाही म्हणायचं. चेंबरमध्ये आणि मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू साठतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो. वास येत नाही म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. झाकण तासभर उघडं ठेवलं तरी भरवसा नाही, कारण तळचा गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत! असं काही घडलंच तर कुणीही आत उतरू नये. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करावा.

कायदाही हेच सांगतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा फक्त पालिकेला नाही, सोसायटीला आणि घरमालकालाही लागू आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पण गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. त्याच्याही घरी कुणीतरी जेवायला वाट बघत असतं. मैल्याची टाकी किंवा गटार साफ करण्यासाठी १४४२० ही सरकारी हेल्पलाइन आहे. आपल्या गावात ती चालते का, हे आजच फोन करून बघा.

काम झाल्यावर घरात आलेलं घाण पाणी काढून फरशी साबणाने धुवा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. हातमोजे घाला. जमिनीतल्या हौदात ते पाणी शिरल्याची शंका आली, तर हौद रिकामा करून, धुऊनच पाणी भरा.

आणि मुळात तुंबू नये म्हणून? तेलकट कढई आधी कागदाने पुसून मग घासा. गरम तेल पाइपात गेलं की थिजतं आणि त्याला बाकीचं चिकटतं. चहाचा चोथा, खरकटं, केस जाळीतच अडवा. पॅड, डायपर, चिंध्या संडासात टाकू नका. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईला उघडून बघावं लागत नाही. पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडू नका. लाइनजवळ पिंपळ-उंबर उगवला तर लहान असतानाच काढा, मुळं सांध्यातून आत शिरतात. नवी लाइन टाकताना उतार विचारा. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार हवा.

पावसाळ्याआधी एकदा सगळी चेंबर उघडून बघा आणि सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. गटारात माणूस उतरवायचा नाही, हा ठराव वहीत लिहून ठेवायला लावा. तो लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पुन्हा भेटूच. नमस्कार.