झारापचे स्टेशन

कुडाळ सोडून गाडी सावंतवाडीच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात झाराप येते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. खिडकीतून पाटी दिसते, चिऱ्याचे बांध आणि काजूची झाडे दिसतात, आणि पुढच्या क्षणी सगळे मागे पडते. मी मात्र दर वेळी ती पाटी वाचतो. हे स. का. पाटलांचे गाव. सदाशिव कानोजी पाटील १९६४ ते १९६७ या काळात भारताचे रेल्वेमंत्री होते आणि त्यांच्या गावात रेल्वे आली ती १९९८च्या सुमारास. तीही त्यांना मुंबईत पाडणाऱ्या माणसाने आणली.

आमच्या जिल्ह्यातून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचलेले नेते नारायण राणे. तेही १९९९ साली, काही महिन्यांसाठी. पण एखादा भूभाग आपल्या मुठीत ठेवणारा राज्यकर्ता म्हणून सिंधुदुर्गाने दिलेला सर्वांत ताकदवान माणूस कोण, असे विचाराल तर मी पाटलांचे नाव घेईन.   मुंबई शहराचे वेगळे राज्य झाले असते, तर त्याची सूत्रे पाटलांकडेच गेली असती, असे मला वाटते. आणि तसे राज्य व्हावे म्हणून त्यांनी आपली सगळी पुण्याई पणाला लावली होती.

त्यांच्या लहानपणी झाराप सावंतवाडी संस्थानात होते, तर मालवण इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. किनाऱ्यावरच्या माणसाला मुंबई गाठायची तर बोट. मालवणात ती धक्क्याला लागत नसे. खडकांपासून लांब समुद्रात उभी राही आणि माणसे, ट्रंका, फणस, कोंबड्या असे सगळे पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. लाट आली की पडाव वर उचलला जाई. तेवढ्या क्षणात खलाशी हात पुढे करी आणि बाईमाणसाला वर ओढून घेई. माझी आजी पुढे आयुष्यभर बोटीचे नाव निघाले की पदर घट्ट धरायची. गावातला पोरगा असाच मुंबईला जाई, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकी, गिरणीत नाहीतर पेढीवर लागे आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर धाडी. चाकरमान्याची ही वाट आमच्या घरोघर ठाऊक आहे.

पाटील ती वाट सोडून काँग्रेसच्या वाटेने गेले. असहकाराच्या लाटेत चळवळीत आले, पत्रकारिता केली, पुन्हापुन्हा तुरुंगात गेले. त्यांचे खरे कसब संघटनेत होते. वॉर्डावॉर्डात माणूस पेरायचा, त्याचे काम करून द्यायचे, त्याला नावाने ओळखायचे आणि पक्षासाठी व्यापाऱ्यांकडून, कारखानदारांकडून निधी उभा करायचा. सरदार पटेलांचा त्यांच्यावर विश्वास होता. मुंबई प्रदेश काँग्रेस वर्षानुवर्षे त्यांच्या शब्दावर चालली. १९४९ ते १९५२ या काळात ते सलग तीनदा महापौर झाले. त्यांच्या नावाचे उद्यान आजही चर्नी रोडला आहे. वर्तमानपत्रे त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणत.

मग १९५५ साल आले. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली. त्या वेळी पाटील मुंबई वेगळी ठेवण्याच्या बाजूने उभे राहिले. २० नोव्हेंबरला चौपाटीवर काँग्रेसची सभा झाली. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील बोलायला उभे राहिले आणि लोकांनी सभा उधळून लावली. चंद्रसूर्य आहेत तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचे उद्गार तेव्हापासून पाटलांच्या नावावर आहेत. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा रस्त्यांवर गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसे गेली. आचार्य अत्र्यांच्या लेखणीने पाटलांचे 'सदोबा' केले आणि तो डाग पुढे कधीच पुसला गेला नाही.

पाटलांचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. मुंबई सगळ्यांनी मिळून उभी केली, तिथला पैसा, बंदर आणि व्यापार एका भाषेच्या राज्याला बांधला तर शहर खचेल, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी मनापासून मांडले. पण त्या शहराच्या गिरण्या, गोद्या आणि हमाली कोणाच्या अंगावर होती? पडावातून बोटीवर चढलेल्या माणसांच्या. त्यांची भाषा त्या शहरात पाहुणी ठरावी आणि ते त्यांच्याच गाववाल्याच्या तोंडून यावे, हे त्यांना सोसले नाही. माझे आजोबा गिरणगावात राहिलेले. पाटलांबद्दल ते एकच वाक्य बोलायचे: "आमचो माणूस, पण तेवा चुकलो." मला याहून नेमका निकाल सुचलेला नाही.

१९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडवली. आमच्या राजापूर मतदारसंघातून वेंगुर्ल्याचे नाथ पै निवडून आले. पाटील मात्र दक्षिण मुंबईतून जिंकले आणि केंद्रात मंत्री झाले. एकाच किनाऱ्यावरचे हे दोघे संसदेत समोरासमोरच्या बाकांवर बसले. नाथ पै कोकणच्या रेल्वेसाठी बोलत राहिले आणि १९७१च्या जानेवारीत अकाली गेले.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, अन्नमंत्री पाटील वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याबरोबर पीएल-४८० या अमेरिकी धान्य-कायद्याखालच्या मोठ्या करारावर सही करत होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळायचा होता. त्याची किंमत रुपयांत चुकवायची होती, त्यामुळे तुटपुंजे परकीय चलन वाचणार होते. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळेनासा झाला, देश अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसला, ही टीका पुढे झाली आणि ती रास्त होती. पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत तो तांबडा गहू पडला, हेही तितकेच खरे. भात खाणाऱ्या आमच्या घरांत चपाती रोजची झाली त्यामागे हा गहूही आहे.

१९६३ साली, ज्येष्ठ मंत्र्यांनी पदे सोडून पक्षाच्या कामाला लागावे या कामराज योजनेत, पाटलांनी मंत्रिपद सोडले. पुढच्या वर्षी शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री म्हणून परतले. कोकणच्या माणसाच्या हाती रेल्वे आली, पण कोकणात रेल्वे आली नाही. १९६५चे युद्ध झाले, पाठोपाठ दोन दुष्काळ पडले, तिजोरी रिकामी होती. ही कारणे खोटी नाहीत. तरी मला वाटते, खरे कारण मतांच्या हिशेबात होते. पाटलांचा मतदारसंघ दक्षिण मुंबई होता. झाराप हे त्यांचे गाव होते, मतदारसंघ नव्हता.

फेब्रुवारी १९६७मध्ये त्यांच्यासमोर उभा राहिला जॉर्ज फर्नांडिस, मंगळूरहून आलेला, टॅक्सीवाले आणि पालिका कामगारांच्या संघटना बांधणारा, छत्तिशीतला नगरसेवक. पाटलांना कोणी हरवू शकत नाही ही मुंबईची समजूतच जॉर्जने प्रचाराचा विषय केली. पाटलांना तुम्ही हरवू शकता, एवढेच तो सांगत फिरला. लोकांनी ते करून दाखवले. त्या निवडणुकीत कामराज आणि अतुल्य घोष हे काँग्रेसचे बडे नेतेही पडले. पाटील १९६९मध्ये गुजरातेतल्या बनासकांठामधून पोटनिवडणुकीत पुन्हा लोकसभेत गेले, पण काँग्रेस फुटली, ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले आणि त्यांचे राजकारण तिथेच आटले. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्याच वर्षी पाटील गेले.

इकडे राजापूरची जागा नाथ पैंनंतर मधू दंडवत्यांकडे आली. १९७७मध्ये तेच रेल्वेमंत्री झाले. मग १९८९च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात जॉर्ज रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळून आला. १९७४ साली देशभरच्या रेल्वेगाड्या संपाने थांबवणारा माणूस आता नवा मार्ग टाकायला निघाला होता. अर्थसंकल्पातून पैसा निघत नव्हता, म्हणून महामंडळाची तोड काढली गेली. रेल्वेचे भांडवल ५१ टक्के, उरलेले महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांचे, आणि बाकी रक्कम रोखे विकून उभारायची. १९९०च्या जुलैत महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन प्रमुख झाले. सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे. १९९८च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळुरापर्यंत गाडी सलग धावली.

मालवणला अजून रेल्वे नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून एसटी नाहीतर रिक्षा धरावी लागते. पण मालवणात महाविद्यालय आहे, त्याचे नाव स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय. ज्याचे नाव काढताच गिरणगावात शिव्या पडत, त्याच्या नावाखाली चाकरमान्यांची नातवंडे पदवी घेतात. तिथे शिकणाऱ्या दोन मुलींना मी विचारले, पाटील कोण होते? एक म्हणाली, "देणगीदार असतील." दुसरी म्हणाली, "मंत्री होते, पण कसले ते माहीत नाही." मी रेल्वेचे म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "मग त्यांनीच आणली असणार कोकण रेल्वे."

मी तिथेच कट्ट्यावर बसून तिला सगळे सांगितले. चौपाटी, गहू, जॉर्ज, सगळे. ती झारापजवळचीच निघाली. गणपतीत तिचे मुंबईचे काका पॅसेंजरने येतात आणि झारापलाच उतरतात. गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, म्हणून आधी दारातून सामान खाली द्यायचे, मग माणसांनी उतरायचे. खाली उभे राहून सामान झेलायचे काम दर वर्षी तिचे असते.