अडेलचा ‘ट्वेंटीवन’ : चकाकी आली, ओल टिकली

१५ फेब्रुवारी २०११ ची सायंकाळ. लंडनच्या ओटू अरीनामध्ये ब्रिट पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. नर्तकांचे ताफे आणि डोळे दिपवणारी रोषणाई अशा त्या झगमगाटात २२ वर्षांची अडेल एका पियानोच्या साथीने ‘समवन लाइक यू’ गाण्यास उभी राहिली. ना वाद्यवृंद, ना नृत्य. गाणे संपता संपता तिला हुंदका आवरेना. ब्रिटनच्या विक्रीयादीत त्या आठवड्यात ४७ व्या क्रमांकावर असलेले हे गाणे पुढच्याच यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

ज्या अल्बममधले हे गाणे, तो ‘ट्वेंटीवन’ जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या, अमेरिकेत २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षे तो सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला आणि ‘बिलबोर्ड २००’ या यादीत एकूण २४ आठवडे तो अग्रस्थानी होता. प्रेमभंगाची गाणी काही नवी नाहीत. मग याच गाण्यांनी एवढे काय केले, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. त्याचे उत्तर गाण्यांच्या शब्दांत शोधण्याचा मोह होतो. पण ते बरेचसे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दडलेले आहे.

अडेलचा पहिला अल्बम ‘नाइन्टीन’ २००८ सालचा. उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये जन्मलेल्या आणि क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकलेल्या या मुलीचे ते पदार्पण. ‘होमटाउन ग्लोरी’ आणि ‘चेसिंग पेव्हमेन्ट्स’सारखी गाणी त्यात होती, गिटार-पियानोच्या जवळिकीची, काहीशी विस्कळीत, पण आवाजाचा पल्ला दाखवणारी. ‘चेसिंग पेव्हमेन्ट्स’साठी तिला ग्रॅमी मिळाले, शिवाय सर्वोत्कृष्ट नवोदिताचेही. या अल्बमच्या निमित्ताने अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना बसचालकाकडून तिच्या कानावर नॅशव्हिलचे कंट्री संगीत आणि रॉकबिली पडले. दोन-तीन मिनिटांत सरळ गोष्ट सांगून मोकळे होणारे हे गायन तिला भावले. दुसऱ्या अल्बमच्या रंगात हा प्रवास स्पष्ट दिसतो.

‘नाइन्टीन’ आणि ‘ट्वेंटीवन’ पाठोपाठ ऐकले, तर दुसऱ्याची सफाई लगेच जाणवते. त्यामागे निर्मात्यांची मोठी फळी आहे. येथे ‘निर्माता’ या शब्दाने वाचकांची गल्लत होण्याची शक्यता आहे. आपल्या चित्रसृष्टीत निर्माता म्हणजे पैसा घालणारा. पॉप संगीतात मात्र गाण्याचा ठेका, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रणाची पद्धत ठरवणारा आणि पुष्कळदा चालीतही वाटा उचलणारा तो निर्माता. पॉल एपवर्थ, रायन टेडर, फ्रेझर टी. स्मिथ, डॅन विल्सन आणि ख्यातनाम रिक रूबिन अशी नावे या अल्बममागे आहेत. आपल्या भावगीताची परंपरा कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांच्या कामाची. अडेल स्वतः लिहिते आणि गाते, पण एका वेळी एकाच सहकाऱ्याबरोबर खोलीत बसून.

‘रोलिंग इन द डीप’चा जन्म असाच झाला. नाते तुटले आणि लगेचच ती एपवर्थच्या स्टुडिओत गेली. तिला संथ, रडवे गीत लिहायचे होते. एपवर्थने तिच्यातला संताप बाहेर काढायला लावला. पायाने ठोकलेल्या तालाचा जो धक्का या गाण्यात आहे, तो त्या संतापाचा. गंमत अशी की, नंतर अधिक उत्तम साधनांनी ते पुन्हा गाण्याचे प्रयत्न झाले. पण पहिल्या, कच्च्या ध्वनिमुद्रणातला, म्हणजे ‘डेमो’तला, आवाज पुन्हा काही लागेना. अखेर तोच अल्बममध्ये ठेवण्यात आला.

‘समवन लाइक यू’चीही तीच कथा. डॅन विल्सनबरोबर ते दोन दिवसांत तयार झाले. पियानो विल्सनचा, आवाज अडेलचा, बस्स. जो नमुना म्हणून मुद्रित केला होता, तोच जगाने ऐकला. रूबिनने २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील मालिबू येथे वादकांना एकत्र बसवून बरीच गाणी मुद्रित केली होती. त्यांपैकी चारच अंतिम अल्बममध्ये आली आणि इतर ठिकाणी आधीच्या मुद्रणांना पसंती मिळाली. एवढ्या नामवंताचे काम बाजूला ठेवायला धैर्य लागते, आणि माझ्या मते या अल्बममधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होय. सफाई हवी तिथे केली. आवाजाला मात्र हात लावला नाही.

हे गाणे ऐकून डोळ्यांत पाणी का येते, याचीही चर्चा झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्यावर लेखच छापला. त्यात ‘अपोजियातुरा’ या स्वरालंकाराचा दाखला होता. चालीतला एखादा स्वर खालच्या स्वरसंगतीशी क्षणभर खटकतो आणि लगेच शेजारच्या जुळणाऱ्या स्वरावर उतरतो. मनावर ताण येतो आणि सुटतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांच्या १९९१ च्या अभ्यासात श्रोत्यांना रडू आणणाऱ्या संगीतखंडांत हा अलंकार वारंवार आढळला होता. आपल्या कणस्वराशी त्याचे दूरचे नाते लावता येईल; परंतु येथला ताण स्वरसंगतीशी होणाऱ्या विसंवादातून येतो आणि आपल्या रागसंगीतात तशी स्वरसंगती नसते. या गाण्यात तो अलंकार खरोखर किती आहे, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. मला तरी साधे कारण अधिक पटते. कडव्यात आवाज खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा राहतो. ध्रुपदाला तो एकदम वर झेपावतो, आणि पियानो मात्र आपली तीच आवर्तने शांतपणे वाजवत राहतो. आधार न बदलता कुणी कोसळावे, तसे वाटते.

या आवाजाची किंमतही मोजावी लागली. २०११ मध्ये स्वरतंतूंतील रक्तस्रावामुळे अडेलला अमेरिकेतील कार्यक्रम रद्द करावे लागले. नोव्हेंबरमध्ये बोस्टन येथे डॉ. स्टीव्हन झाइटेल्स यांनी लेझरच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केली. त्यानंतर काही काळ तिला बोलण्याचीही बंदी होती. ज्या गळ्यावर सारे उभे होते, तोच पूर्ववत होईल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. १२ फेब्रुवारी २०१२ रोजी ग्रॅमी सोहळ्यात ती ‘रोलिंग इन द डीप’ गायली आणि त्याच रात्री सहा पुरस्कार घेऊन गेली.

एक गोष्ट सुटी गाणी ऐकणाऱ्यांच्या हातून निसटते, ती म्हणजे क्रम. अल्बमची सुरुवात आरोपाने होते. दुसरे ‘रूमर हॅज इट’ कुजबुज पसरवणाऱ्या मित्रमंडळींना टोला देते. चौथ्या ‘डोन्ट यू रिमेंबर’पाशी सूर बदलतो आणि दोषाचे बोट स्वतःकडे वळते. दहावे, ‘लव्हसाँग’, हे ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडचे १९८९ चे गाणे; ते येथे बोसानोव्हाच्या अंगाने हलके होऊन येते. आणि अकराव्या गाण्यात ज्याच्यावर सुरुवातीला आग ओकली, त्याच्याच दाराशी ती जाऊन उभी राहते.

हा क्रम अडेलच्या दृष्टीने किती महत्त्वाचा असतो, हे पुढे २०२१ मध्ये दिसले. तिचा ‘थर्टी’ प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्या आग्रहावरून ‘स्पॉटिफाय’ने अल्बमच्या पानावरील गाणी उलटसुलट लावणारे मुख्य बटण काढून टाकले.