गळाची साक्ष

बीडहून मांजरसुंब्याच्या मार्गानें केजकडे जाऊं लागलें म्हणजे बालाघाटच्या पठारावर नेकनूर हें गांव लागतें. हा मुलूख मासळीसाठीं प्रसिद्ध नाहीं. येथला पाऊस लहरी; याच डोंगररांगेंत उगम पावणारी मांजरा नदी उन्हाळ्यांत रोडावते आणि लहान तलाव तळाला जातात. तरीहि अशा एखाद्या तलावाच्या कांठीं संध्याकाळच्या वेळीं कोणी तरी गळ टाकून बसलेला असतोच. त्याच्या मनांत बहुधा मरळ असते. त्याला विचारलें, तर जगांतील सर्व गळ टाकणाऱ्यांची तक्रार तोहि सांगेल: पूर्वीसारखे मासे आतां लागत नाहींत.

या तक्रारीचा अर्थ काय, याचा आज थोडा विचार करूं. प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. गळाला मासा लागत नाहीं, याचें कारण मासे संपले असें असूं शकेल. मासे आहेत, पण ते सावध झाले आहेत, असेंहि असूं शकेल. उलट, गळाला भरपूर मासे लागतात, म्हणून पाण्यांत सर्व कांहीं ठीक आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं.

प्रथम मरळच घेऊं. ही दबा धरून बसणारी शिकारी मासळी आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला ती स्तब्ध राहते आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यांत येतांच झडप घालते. ती हवेंतूनहि श्वास घेते. म्हणून पाणी आटलें तरी ओल्या चिखलांत कांहीं काळ तग धरते. २०१६ सालीं मांजरा धरण इतकें आटलें कीं, लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा वर्षीं डबक्यांत टिकून राहण्याची शक्ति मरळीला आहे. परंतु तलावभर विखुरलेले मासे डबक्यांत एकवटले म्हणजे माणसाचा हातहि त्यांच्यावर सहज पडतो. आणि श्वासासाठीं वर येणारी मरळ आपली जागा आपणच दाखविते.

याहून नाजूक वेळ विणीची. अंड्यांतून निघालेलीं तांबूस पिलें थव्यानें पाण्याच्या पृष्ठभागाशीं फिरतात आणि त्यांच्याखालीं आईबाप पहारा देतात. जाणत्या माणसाला हा तांबडा थवा म्हणजे खालीं मोठी मरळ असल्याची खूणच. पिलांजवळ आलेल्या कोणत्याहि वस्तूवर ती तुटून पडते, त्यामुळें गळाला लवकर लागते. टाकणाऱ्याला वाटतें, आपण एक मासा काढला. वास्तविक त्यानें एका पिढीचा राखणदार काढलेला असतो. उघडीं पडलेलीं पिलें इतर माशांच्या आणि पाणपक्ष्यांच्या तोंडीं जातात. त्या दिवशीं टोपली जड असते. उणीव पुढें कांहीं वर्षांनीं जाणवते, आणि तोंवर तिचें मूळ कारण कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

आतां सावधपणाचा मुद्दा. अमेरिकेंतील सरोवरांत मस्की नांवाचा असाच दबा धरणारा मोठा मासा आहे. दहा हजार वेळां गळ फेकावा तेव्हां एक लागतो, अशी त्याची ख्याति आहे. त्याच्याच कुळांतील पाइक माशावर हॉलंडमध्यें बॉयकेमा या संशोधकानें प्रयोग केले. ते १९७० सालीं प्रसिद्ध झाले. धातूच्या फिरत्या आमिषाला एकदां फसलेला पाइक पुढें त्या आमिषाला टाळूं लागला. जिवंत माशाच्या आमिषाला मात्र तो पूर्वीप्रमाणेंच लागत राहिला. म्हणजे मासे तेच, तलाव तोच, आणि तरीहि एका गळाची साक्ष 'मासे नाहींत' अशी, तर दुसऱ्याची 'मासे आहेत' अशी. केवळ लागणाऱ्या माशांवरून पाण्यांतील माशांची गणती करणें किती धोक्याचें आहे, हें यावरून दिसतें.

याचा सर्वांत मोठा धडा मात्र आपल्याच देशांत मिळाला, आणि त्यांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. दख्खनच्या नद्यांतील महाशीर माशाचें वर्णन कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं पुण्याजवळच्या नद्यांतील माशांवरून केलें आणि त्याला स्थानिक नांवावरून 'खुद्री' म्हटलें. धरणांमुळें व बेसुमार मासेमारीनें तो दुर्मिळ होऊं लागला, तेव्हां १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर डॉ. चं. वि. कुलकर्णी प्रभृतींनीं त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. तेथील पिलें दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. काम सद्‌हेतूचें होतें, आणि खुद्रीपुरतें तें फळासहि आलें.

त्यांपैकीं कांहीं पिलें कावेरींत गेलीं. तेथें मूळचा दुसरा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला. त्याच कावेरीच्या कबिनी या उपनदींत १९४६ सालीं १२० पौंडांचा महाशीर गळानें काढला गेला होता. कावेरीकांठच्या एका शिबिरांत हौशी लोक मासा पकडून, वजन करून, पुन्हा सोडून देत आणि वहींत नोंद करीत. १९९८ ते २०१२ या काळांतील त्या नोंदी अभ्यासकांनीं तपासल्या. गळाला लागणारे मासे वाढलेले होते; पण ते बहुतेक बाहेरून आलेले निळ्या पंखांचे खुद्री होते, आणि त्यांचें सरासरी वजन घटत होतें, म्हणजे त्यांचीं पिलें भरपूर होत होतीं. मूळ महाशीर कमी कमी लागत होता. मात्र जो लागे तो मोठाच असे. मोठा मासा पाहून हरखून जाणाऱ्याच्या लक्षांत येणार नाहीं, पण त्याचा अर्थ भयंकर होता: म्हातारे उरले होते, मुलें जन्मत नव्हतीं. या माशाचें शास्त्रीय नांवसुद्धां २०१८ सालीं निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्तांच्या यादींत गेला. दोष केवळ गळाचा नव्हता. धरणें, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हींहि कारणें होतीं. पण ती वही नसती, तर इतकें तरी कोणाला कळलें असतें?

म्हणून 'किती लागले' या प्रश्नाबरोबर 'कोणते व केवढे लागले' हेंहि विचारावें. ज्या पाण्यांत लहान, मध्यम आणि मोठे असे तिन्ही वयांचे मासे आहेत, तें पाणी निरोगी समजावें. आणि हें कळण्यासाठीं बसल्या तासांची व मिळालेल्या माशांच्या लांबीची साधी नोंद ठेवली, तर ती दहा वर्षांनीं आठवणींपेक्षां अधिक खरें बोलेल.

नेकनूरच्या परिसरांतील तलाव पावसाळ्यांत पुन्हा भरतील, तेव्हां कोठें तरी पाण्यावर तो तांबडा थवा दिसेल. त्या दिवशीं गळ गुंडाळून ठेवावा. पुढच्या वर्षांची मरळ त्या थव्याखालीं पहारा देत असते.