औषधाचें भय आणि रोगाचें भय

शरीराची रक्षकशक्तीच मज्जातंतूंचें वेष्टन कुरतडूं लागते, त्या व्याधीस मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. ती तरुण स्त्रियांस अधिक गांठते. तिजवरील नॅटालिझुमॅब हें औषध अमेरिकेंत नोव्हेंबर २००४ मध्यें आलें, मेंदूच्या प्राणघातक संसर्गामुळें फेब्रुवारी २००५ मध्यें थांबविलें गेलें, आणि रुग्णांनींच आग्रह धरिल्यावर २००६ सालीं निर्बंधांसह परतलें.

तो आग्रह अविचारी नव्हता. दोन वर्षांच्या प्रयोगांत अपंगत्व वाढलेले रुग्ण औषधाविना शेंकडा २९, तर औषधानें १७ होते. संसर्गाचा धोका मात्र सर्वांस सारखा नाहीं. रक्तांत जेसी विषाणूचीं प्रतिद्रव्यें नसल्यास तो दहा हजारांत एकाहून कमी. तीं असून पूर्वीं प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें घेतलेलीं व हें दोन वर्षांहून अधिक चाललेलें असल्यास हजारांत सुमारें ११.

आमच्या वडवणीसारख्या गांवीं असा निर्णय पुष्कळदां ओसरीवर वडील मंडळी करितात, आणि जिचे पाय लुळे पडत आहेत ती माजघरांतून ऐकत असते. हें आम्हांस मान्य नाहीं. तराजू तिच्याच हातीं असावा. मंडळींनीं निराळें काम पत्करावें. रक्त दर सहा महिन्यांनीं पुन्हां तपासलें जातें ना, हें पाहावें; आणि बोलण्यांत, दृष्टींत वा स्वभावांत फरक पडल्यास तो बहुधा घरच्यांसच आधीं दिसतो, तो डॉक्टरांस त्याच दिवशीं कळवावा.